कस्तुराच्या कुंपणातली अकरा पिंपं

६ जानेवारी

जुनी वही एप्रिलमध्येच थांबली आहे. माझी बायको बेर्थ गेली, त्यानंतरची पानं मी कोरी ठेवली. त्यांवर आता काही लिहवत नाही, म्हणून आज ही नवी वही.

लिहायला कारण घडलं ते असं. दुपारी सिदोनी आली होती, ओदिलों व्होद्रेची धाकटी. हातांवर छाटणीचे ओरखडे, बुटांना चिखल, आणि फडक्यात तीन राजांच्या सणाच्या केकचा तुकडा.

“काका, बावीसला चाखायला याल ना?”

“सेहेचाळीस वर्षं बावीसलाच येतोय. यंदा विचारावंसं का वाटलं?”

“यंदाची वाइन बाबांची नाही.”

खरंच की. ओदिलों दीड वर्षापूर्वी, ऐन जुलैत गेला. द्राक्षं तेव्हा हिरवी होती. ती तोडली सिदोनीने, तुडवली सिदोनीने, पिंपांत भरली सिदोनीने. पंधरा महिने लाकडात मुरलेली ही वाइन पहिल्या थेंबापासून तिची. कस्तुराच्या कुंपणातली अकरा पिंपं. ते कुंपण म्हणजे व्होद्रेंचं सगळ्यात जुनं, सगळ्यात दगडाळ शेत. त्याच्या भिंतीवर कस्तुर पक्षी घरटी करतात, आणि ओदिलों त्यांना भाडेकरू म्हणायचा.

पोरगी केकचा चुरा बोटाने गोळा करत राहिली. मग एकदम म्हणाली, “रेजिस दादा म्हणतो, अर्धी जमीन त्याची आहे. बोन शहरातली एक वाइनपेढी अठरा वर्षांच्या करारावर सगळं मागतेय. दोन फेब्रुवारीला नोटरी येणार. दादा म्हणतो, अन्सेल्मकाका चाखतील. निम्म्याहून जास्त पिंपांवर त्यांनी पसंतीची रेघ ओढली, तर मी सही करणार नाही. नाहीतर तू हट्ट सोडायचा.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“हो म्हणाले. तुमच्याइतकं बाबांची वाइन कोण ओळखतं?”

गावोगावची तळघरं हिंडून वाइन चाखायची आणि मोठ्या पेढ्यांना शब्द द्यायचा, हा माझा धंदा. लोक दलाल म्हणत. बेर्थ म्हणायची, “आमचं घर नाकावर चालतं.” धंदा सोडून नऊ वर्षं झाली, पण व्होद्रेंचं तळघर काही सुटलं नाही.

ती गेल्यावर केक खाल्ला. कोरडा होता. की मलाच हल्ली सगळं कोरडं लागतं?

१४ जानेवारी

काळा कोट काढला. शब्द द्यायला जाताना मी हाच घालतो.

तो बेर्थच्या कपाटात होता. ते कपाट मी एप्रिलपासून जिवापाड जपलं आहे. तिचा निळा झगा, दोन लोकरी शाली, रविवारची टोपी. कसर लागेल या भीतीने दिजाँला जाऊन रेजिसच्याच औषधांच्या दुकानातून डांबरगोळ्यांची सहा पाकिटं आणली होती. प्रत्येक खणात, प्रत्येक खिशात घातल्या. एक धागा म्हणून कुरतडलेला नाही.

एक गंमत. दर वर्षी या कोटाच्या खिशात कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा सापडायचा. बेर्थचा विसरभोळेपणा! “बाईसाहेब, मी वाइन चाखायला जातोय, धुणं घालायला नाही,” असं म्हणून मी तो स्वयंपाकघरातल्या टोपलीत टाकायचो. ती हसायची नुसती. यंदा खिशात चिमटा नव्हता. दोन गोळ्या निघाल्या, त्या खिडकीत ठेवल्या.

कोट अंगात सैल झालाय. मीच आटलोय म्हणायचं. घरात फार गारठा आहे, तेव्हा आठवडाभर हाच घालून बसेन म्हणतो. ऊबही येईल आणि बावीसची सवयही होईल.

१७ जानेवारी

समोरची ओर्तांस सूप घेऊन आली. आली की आधी खिडकी उघडते. नऊ महिने झाले, हाच नेम.

“अगं, बाहेर बर्फ पडायच्या बेतात आहे!”

“पडू दे. तुझ्या घरात श्वास घेण्यापेक्षा बर्फ बरा.”

बेर्थची ही जन्माची मैत्रीण, पण जीभ अशी की दाढी करून घ्यावी. आम्ही तिघं एकाच शाळेतले. बेर्नोल मास्तर आम्हाला उभं करून कविता म्हणायला लावायचे. ओर्तांस आठ ओळींनंतर हटकून अडायची, मी शेवटपर्यंत जायचो, आणि बेर्थ खिडकीबाहेर बघत बसायची. त्यातल्या दोन ओळी अजून जिभेवर आहेत:

नदी म्हणाली दगडाला, “थांब जरा, मी येते”;
दगड अजून थांबला आहे, नदी वाहते, वाहते.

लग्नानंतर एकदा बेर्थला म्हणून दाखवल्या, तर म्हणाली, “थांबतो कसला? त्याला जाताच येत नाही.”

पोस्टमन फिर्मँ कुंपणावरून डोकावला. “यंदा व्होद्रेंकडे जाणार नाही वाटतं तुम्ही?”

“कोण म्हणतं असं?”

“कोणी नाही हो. आपलं वाटलं.” आणि माझ्या अंगणाकडे बघत सायकल घेऊन गेला. माणूस म्हातारा झाला की गाव त्याला आधीच पोचवून मोकळं होतं.

२२ जानेवारी, संत व्हँसाँचा दिवस

द्राक्षवाल्यांच्या संताची मिरवणूक झाली. चर्चमध्ये मी मागे बसलो. शेजारची बाई दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मग तळघरात.

व्होद्रेंच्या तळघराच्या सतरा पायऱ्या. ओदिलोंचा नियम असा, की चाखणारा शेवटची पायरी उतरला की घरच्यांनी वाइनबद्दल अवाक्षर काढायचं नाही. स्तुती नाही, सबब नाही, तक्रार नाही. तो वर आल्यावर काय ते बोला. सिदोनीने मेणबत्ती धरली, पिंपातून वाइन काढायची काचेची नळी दिली आणि ओठ मिटले. अगदी बापासारखी, खालचा ओठ दाताखाली.

रेजिसही आला होता, दिजाँचा पांढरा शर्ट घालून. जवळ येताच मला अत्तराचा वास आला.

“रेजिस, बाहेर.”

“काका?”

“तळघरात अत्तर? तुझ्या बापाने एकदा प्रांताधिकाऱ्याला याच कारणासाठी वर पाठवलं होतं. दुसऱ्याचा वास अंगावर घेऊन वाइनला भेटायचं नसतं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सिदोनीकडे. काहीतरी बोलणार होता, पण नियम आठवला असावा. गेला वर. पोरगा गुणी आहे, फक्त शहरात राहून नाक बिघडलंय.

आता वाइन. कसं लिहू?

पहिलं पिंप: रंग सुरेख, पिकलेल्या चेरीचा. वास मिटलेला. कोणीतरी दाराआड उभं आहे आणि दार उघडत नाही असं. दुसरं: तसंच. तिसरं, चौथं: तोंडात रस आहे, धार आहे, पण त्याच्यामागे कसली तरी सावली. जुन्या पेटीचं झाकण उघडावं तशी. पाचव्या पिंपापाशी ती सावली इतकी ओळखीची वाटली की मी मेणबत्तीजवळ डोळे मिटून उभा राहिलो. शाळेतली कपडे टांगायची खोली आठवली. ओल्या लोकरीचे चाळीस कोट, आणि त्यांत लपलेली बेर्थ, माझी टोपी घालून. दहा वर्षांची असेल. मग आईची खोली, मग आजोबांचा सैन्यातला कोट. मी किती वेळ तसा होतो कोण जाणे. सिदोनीची मेणबत्ती बोटभर उतरली होती.

वाइन माणसाला आठवणीत नेते हे खरं. पण कस्तुराच्या कुंपणाच्या वाइनने दगडाची, रानचेरीची, पावसानंतरच्या नेच्यांची आठवण द्यावी. कपाटाची नव्हे.

सिदोनीने काय केलं ते मला ठाऊक आहे. ओदिलों एकेक देठ खुडून टाकायचा. हिने काही पिंपांत घड देठासकट तुडवलेत. मला वाटतं, त्या देठांनीच घात केलाय.

खडू हातात घेतला. आमची रीत अशी: रेघ ओढली की ते पिंप शेताचं नाव लावून बाहेर पडणार, गोल काढला की गावच्या साध्या वाइनमध्ये मिसळणार. हात उचलेना. म्हणालो, तीन दिवस दे. सिदोनी मान हलवून वर गेली. अकराव्या पायरीवर मात्र थांबली आणि वळून माझ्या कोटाकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं. बापाची आठवण, दुसरं काय.

२३ जानेवारी

सिदोनीने चार पिंपांतली वाइन बाटल्यांत भरून पाठवली. स्वयंपाकघरात शांतपणे चाखली. कालच्यापेक्षा वाईट. चारही बाटल्यांत कपाट.

मग ओदिलोंची एक जुनी बाटली फोडली, मुद्दाम पडताळायला. तीही उदास लागली. सगळ्या वाइन्स त्याच्यासाठी सुतकात आहेत की काय? असलं काही मनात येतं आणि मग स्वतःचाच राग येतो. ऐंशीला टेकलेल्या माणसाने कवितेपासून जपून राहावं.

उरलेल्या बाटल्या ओर्तांसला दिल्या. म्हटलं, स्वयंपाकात घाल.

२५ जानेवारी

पुन्हा गेलो. पुन्हा अकराही चाखली. सावली तिथेच.

अकराही पिंपांवर गोल काढले.

सिदोनी बोलली नाही. मी वर आल्यावर तिला बोलायची मुभा होती, तरी बोलली नाही. कॉफी दिली. साखर दोनदा घातली. मी म्हणालो, “पोरी, देठ.” ती म्हणाली, “असेल काका.” मग दारापर्यंत आली आणि माझ्या कोटाची कॉलर नीट केली.

“बेर्थकाकूची फार आठवण येते ना तुम्हाला?”

तिच्या आयुष्यावर मी नुकतेच अकरा गोल काढले होते आणि पोर माझी विचारपूस करत होती.

दलालाचा शब्द एकदा दिला की दिला. सेहेचाळीस वर्षांत मी एकही परत घेतलेला नाही. पण आज घरी येताना त्या कुंपणाच्या भिंतीवरून हात फिरवत आलो, आणि दगड इतके गार लागले की हात खिशात घालावा लागला.

२६ जानेवारी

रेजिसचा फोन. “काका, फार आभारी आहे. तुम्ही खरं बोललात.” मग जरा थांबून, “ती रडली का?”

“नाही.”

“लहानपणी रडायची नाही तेव्हाच मला जास्त भीती वाटायची.” आणि त्याने फोन ठेवला.

मला वाटलं होतं, त्याला आनंद झाला असेल.

३१ जानेवारी

हे सगळं नीट, क्रमाने लिहायला हवं.

ओर्तांसने संध्याकाळी जेवायला बोलावलं. दारात पाऊल ठेवलं तर तिने हात आडवा केला.

“आधी तो कोट काढ.”

“अगं, थंडी...”

“कोट बाहेर. नाहीतर तू बाहेर.”

तिने तो माझ्या अंगावरून ओढूनच काढला, हात लांब धरून अंगणात नेला आणि दोरीवर टांगला. मला तिच्या नवऱ्याचा जुना विणलेला सदरा दिला, राखेच्या पाण्यात धुतलेला, चुलीपाशी वाळवलेला. म्हणाली, “हात धू. तोंड धू. मानही.” मी शाळकरी पोरासारखा मोरीपाशी उभा.

जेवायला वाइनमध्ये शिजवलेली अंडी होती, कांदा आणि डुकराच्या चरबीचे तुकडे घालून. पहिला घास घेतला आणि चमचा हातातच राहिला.

“ओर्तांस, यात काय घातलंस?”

“वाइन.”

“कुठली?”

“तूच दिलेली. नापास पोरीची.”

मी म्हणालो, कांद्याचा गुण असेल. ती उठली आणि उरलेल्या बाटलीतली वाइन पेल्यात ओतली. मी पेला नाकाशी नेला. रानचेरी. मग ओला दगड. मग नेच्यांचा वास, भिंतीच्या सावलीत उगवतात त्यांचा. देठही होते. पण सुगंधी मिरीसारखे होते, मागे, नम्रपणे उभे. कस्तुराचं कुंपण अख्खं त्या पेल्यात उभं होतं, भाडेकरूंसकट.

“आठ दिवस बाटलीत राहिली, म्हणून खुलली असेल,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

“अन्सेल्म,” ती समोर बसली, “तू मूर्ख आहेस की दुःखी, ते मला दहा महिने कळत नाहीये. तुझ्या घरात डांबरगोळ्यांनी माशी जगत नाही. फिर्मँ पोस्टमन तुझी पत्रं फाटकावरूनच टाकतो. चर्चमध्ये बाया बाक बदलतात. आणि तू तो कोट घालून वाइन चाखायला गेलास!”

“पण तो कोट तर कायमच त्या कपाटात असतो. सेहेचाळीस वर्षं! गोळ्याही असायच्याच की.”

“असायच्या. आणि चौदा जानेवारी आली की बेर्थ तो काढून दोरीवर टांगायची. आठ दिवस, आठ रात्री. बर्फ पडला तर झटकून पुन्हा टांगायची. बावीसच्या सकाळी काढायची. अरे, तो काळा कोट दोरीवर दिसला की अख्ख्या गल्लीला कळायचं, अन्सेल्म चाखायला निघाला. यंदा दिसला नाही. आम्हाला वाटलं, जाणार नसशील.”

“मला कधी बोलली नाही ती. दोरीवर काय वाळतंय, ते मी कधी बघितलं नाही.”

“तू कधी विचारलंस? मी एकदा म्हटलं तिला, सांग की नवऱ्याला. तर म्हणाली, त्याला वाटू दे नाक त्याचं आहे.”

खिडकीतून दोरीवरचा कोट दिसत होता, बाह्या हलत होत्या. मला तो चिमटा आठवला. दर वर्षीचा तो चिमटा. सेहेचाळीस वर्षं मी तिला विसरभोळी म्हणून चिडवत आलो.

ओर्तांसने माझ्या पेल्यात आणखी वाइन ओतली आणि चुलीकडे तोंड करून बसली.

१ फेब्रुवारी

पहाटे उठून न्हालो. ओर्तांसचा सदरा घालून व्होद्रेंकडे गेलो. वाटेत दोनदा परत फिरलो. ऐंशीच्या उंबरठ्यावर लोकांना सांगायचं काय, की माझा शब्द डांबरगोळीचा होता?

सिदोनी पिंपं भरत होती. लाकूड थोडी थोडी वाइन पिऊन टाकतं, ती दर आठवड्याला वरून भरावी लागते. अजून भरत होती. उद्या ज्यांचे धनी बदलणार, त्या वेलींची वाइन.

मी सांगितलं. सगळं, कोट, कपाट, दोरी. ती ऐकत राहिली, मग हळूच म्हणाली, “मला आला होता वास.”

“आणि बोलली नाहीस?”

“बाबांचा नियम.”

“वर आल्यावर? कॉफी देताना?”

तिने नळी फडक्याने पुसली. “मला वाटलं, तुम्ही मुद्दाम तसं ठेवलंय. काकूचं कपाट अंगावर घेऊन फिरताय. मी कसं म्हणणार, काका, काकूचा वास येतो, तो काढा? आणि वाइनसाठी? माझ्या वाइनसाठी?”

मी नळी घेतली.

अकरा पिंपं. खडूचे गोल सदऱ्याच्या बाहीने पुसत गेलो, एकेक चाखत गेलो. खोटं बोलायचं नाही असं स्वतःला पायरीवरच बजावलं होतं. ओर्तांसच्या पेल्यातली वाइन एका पिंपाची. बाकीच्यांचं काय, ते मला ठाऊक नव्हतं. पहिलं: रेघ. दुसरं: रेघ. तिसऱ्यात खरोखरच देठ कच्चे होते, हिरवे, जीभ ओढणारे. गोल. सिदोनीने श्वास रोखलेला ऐकू आला. चौथं: रेघ. पाचवं: गोल. सहावं: गोल. सातवं... मी त्यावर फार वेळ घेतला. आधी मिटलेलं, मग हळूहळू असं उघडलं की मला ओदिलोंला हाक मारावीशी वाटली. त्याची वाइन इतकी मोकळी कधीच नव्हती. त्याची शिस्तीत उभी राहायची, हिची खिडकीबाहेर बघते. रेघ. आठवं: रेघ. नववं: गोल. दहावं: रेघ. अकरावं: रेघ.

वर आल्यावर मी म्हणालो, “सात. चार पिंपांत तू घाई केलीस. देठ पिकले नव्हते. बाप तुझ्यावर ओरडला असता.”

“पुढच्या वर्षी...” ती म्हणाली आणि थांबली. पुढचं वर्ष आहे की नाही, ते उद्या ठरणार.

२ फेब्रुवारी, मेणबत्त्यांचा सण

सणाला धिरडी. व्होद्रेंच्या स्वयंपाकघरात नोटरी, रेजिस, सिदोनी आणि मी. टेबलावर कागद, शेजारी पिठाचं भांडं. डाव्या मुठीत नाणं धरून उजव्या हाताने धिरडं उडवायचं, खाली पडलं नाही तर वर्ष चांगलं. कोणी उडवत नव्हतं.

मी उभा राहिलो. “रेजिस, मी दिलेला शब्द मागे घेतो.”

नोटरीने चष्मा काढला. सेहेचाळीस वर्षांत हे वाक्य त्यानेही ऐकलं नसणार.

मी सांगितलं. रेजिसच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलं नाही, मग कान लाल झाले.

“काका, तुम्ही मला अत्तरासाठी तळघराबाहेर काढलंत!”

“काढलं.”

“आणि स्वतः डांबरगोळ्या! माझ्याच दुकानातल्या! सहा पाकिटं मीच बांधून दिली होती तुम्हाला. एवढं काय करणार म्हणून विचारलंसुद्धा होतं!”

“हो रे बाबा.”

“आणि आता म्हणता सात रेघा. हे ताईवरच्या मायेपोटी नाही कशावरून?” तो धाकट्या बहिणीला ताईच म्हणतो.

“माया केली असती तर अकराच्या अकरा ओढल्या असत्या. चार गोल अजून आहेत. जाऊन बघ. चाख. पण आधी मान धू.”

क्षणभर वाटलं, चिडेल. तो उठला, शर्टाच्या बाह्या वर केल्या, आणि मोरीपाशी जाऊन बहिणीच्या धुण्याच्या साबणाऐवजी नुसत्या पाण्याने मान, कानामागे, मनगटं घासू लागला. ओदिलोंने लहानपणी शिकवलेलं विसरला नव्हता. मग एकटाच खाली गेला.

आम्ही तिघं वर. सिदोनीने पिठाचं भांडं उगाच ढवळलं. पाव तास. अर्धा तास. नोटरीने घड्याळ पाहिलं, मग धिरड्यांकडे पाहिलं.

रेजिस वर आला तेव्हा त्याच्या ओठांवर जांभळी रेघ होती आणि बाहीवर खडू.

“सातव्यात,” तो म्हणाला आणि खुर्चीवर बसला. “सातव्यात आईच्या बागेची भिंत आहे.”

“कस्तुराच्या कुंपणालगतची,” सिदोनी म्हणाली.

“तीच. मी विसरलो होतो.” मग नोटरीकडे वळून, “साहेब, तुम्हाला उगाच त्रास दिला. धिरडं खाऊन जा.” आणि बहिणीला, “पुढच्या वर्षी मी येऊन देठ तपासणार आहे. चार गोल म्हणजे थोडे नाहीत.”

“तू? तुला पिकलेला देठ ओळखता येतो?”

“नाही. पण पिवळा पडला की औषधी झाडं काढतात, एवढं मला कळतं. शिकव की.”

सिदोनीने डाव्या मुठीत नाणं घेतलं आणि धिरडं उडवलं. ते तुळईला चिकटलं. तीन सेकंद तिथेच राहिलं आणि नोटरीच्या कागदांवर पडलं. यावर वर्ष कसं जाणार, याचा नियम कोणालाच ठाऊक नव्हता.

९ फेब्रुवारी

आज ऊन. बेर्थचं कपाट उघडलं.

ओर्तांस मदतीला होती. गोळ्या गोळा केल्या, डबाभर निघाल्या, आणि ती तो डबा हात लांब धरून घेऊन गेली. निळा झगा, शाली, टोपी, सगळं अंगणात आणलं. मला भीती होती. दहा महिने जे जपलं ते उन्हावाऱ्यात उडून जाईल अशी. झग्यात नाक खुपसून पाहिलं. बेर्थ नव्हती. मी तिला कुलूप लावून राखलं असं समजत होतो, आणि त्या गोळ्यांनी तिला केव्हाच खाऊन टाकलं होतं. कसरीने तरी थोडी ठेवली असती.

चिमट्यांची टोपली घेऊन दोरीपाशी गेलो. टोपलीत ते सगळे होते, मी चिडवून चिडवून परत टाकलेले. एकेक लावत गेलो. निळ्या झग्याशेजारी काळा कोट. वारा सुटला आणि कोटाची बाही झग्यावर पडली, उचलली, पुन्हा पडली. ओर्तांस म्हणाली, “बघ, अजून बोलतेय तुझ्याशी.” मग स्वतःच म्हणाली, “मी हल्ली काहीही बडबडते.”

फिर्मँ फाटकापाशी थांबला. पहिल्यांदाच आत आला, पत्र हातात दिलं. “अहो, कोट दोरीवर? आता फेब्रुवारीत कुठे निघालात?”

“कुठे नाही. पुढच्या वर्षाची तयारी.”

“एवढ्या आधी?”

“बेर्थ फार वेळेवर करायची सगळं. मला सराव नाही.”

खोलीत येऊन वाइनची वही काढली. दर वर्षी कस्तुराच्या कुंपणाची एक ओळ लिहायची असते. लिहिलं: सात पिंपं नावाची, चार गावची. बापाहून मोकळी. सातवं पिंप म्हातारपणापर्यंत जाईल. (कोणाच्या, ते लिहिलं नाही.)

मग ही वही उलटत उलटत शेवटच्या पानापर्यंत गेलो, वर पुढच्या वर्षीची चौदा जानेवारी घातली आणि मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: कोट दोरीवर. आठ दिवस, आठ रात्री. बर्फ पडला तर झटकणे. एक चिमटा खिशात राहू देणे.